सत्तरपैकी किती

लातूर,
१० फेब्रुवारी २०२५

चि. मल्लिनाथ,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, कारण पुढे सगळी तक्रारच आहे.

दिवाळीत तू माझा जुना लॅपटॉप नांदेडला नेलास, त्यातली कुथत चालणारी विंडोज काढून लिनक्स टाकलंस आणि “मावशी, आता हा आणखी पाच वर्षं पळतो” म्हणून परत दिलास. पळतो, यात वाद नाही. माझा अख्खा लघुप्रबंध त्याच्यावरच टाइप झाला. पण संक्रांतीपासून त्याचं वायफाय मधेच सुटायला लागलंय. कोपऱ्यातली ती पंख्यासारखी खूण आधी बारीक होते, मग जाते, मनात आलं की परत येते. सासरी न रमणाऱ्या पोरीसारखं चाललंय त्याचं.

संक्रांतीला तुझ्या काकांनी मागची पोत्यांची खोली मला अभ्यासाला रिकामी करून दिली, तेव्हापासून मी तिथेच बसते. राऊटर पुढे दुकानात, मी मागे, मधे नुसता बोळ. फार अंतर नाही. काकांचा मोबाइल दुकानात त्याच वायफायवर झकास चालतो. त्यामुळे त्यांनी निकाल देऊनच टाकलाय. म्हणतात, “फुकटची सिस्टीम हाय ती, ती अशीच चालनार. भुजंगच्या दुकानात टाक, तो इंडोज बसवून देतो.”

परवा दयानंद सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, परीक्षेची रंगीत तालीम घेतली. तीनदा सुटलं. चौथ्यांदा मी लॅपटॉप उचलून दुकानात जाऊन बसले, तर शेजारच्या विरूपाक्षची पिठाची गिरणी सुरू होती. सरांना नुसती गिरणी ऐकू गेली.

एम. ए.ची तोंडी परीक्षा २५ मार्चला आहे, दुपारी. कॅमेरा चालू हवा, खोलीत एकटं बसायचं, आणि संपर्क दोनदा तुटला तर परीक्षा पुढच्या सत्रात, म्हणजे थेट दिवाळीला. मला दिवाळीची घाई नाही रे, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला कसली घाई. पण निलंग्याकडच्या ज्या मल्लम्मा आजीकडून मी अर्धेमुर्धे पाळणे उतरवून घेतले, ती नव्वदीत आहे. तिला सांगून आलेय, “आजी, तुमचं गाणं मोठ्या मास्तरांना ऐकवून पास होऊन येते.” ती दर बाजाराला कुणाच्या तरी हाती निरोप धाडते, झालं का म्हणून. मला खरंच भीती वाटते, मल्लू.

आता पत्र का, फोन का नाही, असं विचारशील. आमच्या घरात फोनला रेंज फक्त गच्चीवर. तू फोनवर टाइप करायच्या आज्ञा सांगणार, मी गच्चीवर ऐकणार, आणि लॅपटॉप खाली. जिना उतरेपर्यंत मी निम्मं विसरते. माझा फोन बटणांचा, त्यावर काही वाचता येत नाही, आणि काकांचा फोन दुकानातल्या वायफायवरच लागतो, तिथून हलत नाही. तेव्हा कागदावर लिही. मोठ्या अक्षरांत.

तुझी मावशी,
शिवकन्या

*

नांदेड,
१३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तक्रार पोचली, आशीर्वादही. सासरी न रमणाऱ्या पोरीचा इलाज सापडला आहे, काकांना सांग.

झालंय असं की लॅपटॉप वीज वाचवायला बघतो. तू जरा वेळ काही केलं नाहीस की तो आतल्या वायफायच्या रेडिओला म्हणतो, घे एक डुलकी. रेडिओ डुलकी घेतो आणि उठायला कंटाळा करतो. लिनक्सवर हे फार जणांना होतं, माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत निम्म्या यंत्रांना झालं होतं. ही डुलकी बंद करायची.

सोबतच्या कागदावर आज्ञा लिहिल्या आहेत, मोठ्या अक्षरांत, जिथे मोकळी जागा सोडायची तिथे छोटा चौकोन काढलाय. पहिल्या आज्ञेनं एक फाइल उघडेल. तिच्यात शेवटी तीनचा आकडा असेल. तो पुसून दोन कर, बाकी कशालाही हात लावू नकोस. पासवर्ड टाकताना पडद्यावर काही दिसणार नाही, ठिपकेसुद्धा नाही. घाबरू नकोस, तो ऐकत असतो.

अंतराचा प्रश्न नाही. एवढ्याशा बोळाला तर वायफाय सहज पुरतं. आणि भुजंगकडे लॅपटॉप गेला तर मी पाडव्याला लातूरला पाय ठेवणार नाही.

तुझा,
मल्लिनाथ

*

लातूर,
१७ फेब्रुवारी

चि. मल्लू,

तुझ्या तोंडात साखर पडो. तीनाचे दोन केले, आणि काय सांगू, पंखा कालपासून पुरता उघडा आहे. एकदाही सुटलं नाही. दयानंद सरांशी पाऊण तास बोलले, शेवटी सरांनाच चहा प्यायचा होता म्हणून थांबलो.

पासवर्डाच्या वेळी मात्र मी चष्मा दोनदा पुसला. काहीच दिसेना. चार वेळा टाकला. इतकी वर्षं पोरांना “आधी उत्तर दाखव” म्हणत आले, आणि हे यंत्र म्हणतं दाखवणार नाही.

तुझे काका दोनदा येऊन पडद्याकडे बघून गेले. शेवटी म्हणाले, “चालून राहिलं का? बघू किती दिवस.” त्यांना सध्या वेगळी काळजी आहे. नळाला अजून पाणी नाही, टाकीत बादली सोडली तर तळाला आपटते. धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं झाडांना असं चाललंय आमचं. आज ना उद्या येईल.

मल्लम्मा आजीला निरोप धाडलाय, काळजी नसावी.

मावशी

*

लातूर,
२० फेब्रुवारी

मल्लू,

तुझ्या उत्तराची वाट न बघता दुसरं पत्र टाकते आहे. परत गेलं.

काल सकाळी नळ आला. सगळी गल्ली जागी, मीही कासोटा खोचून कामाला. टाकी काठोकाठ, घागरी, बादल्या, पातेली, काकांनी तर चहाची किटलीसुद्धा भरून ठेवली. दमून दुपारी लॅपटॉप उघडला तर खूण नाही. आली, गेली, आली, गेली. फाइल उघडून बघितली, दोनच आहे. मी काही बदललेलं नाही, शप्पथ.

काका म्हणाले, “मी म्हनलो न्हवतो?” एवढंच म्हणाले, पण दिवसभर शीळ घालत होते.

मी हसतेय असं लिहितेय खरी, पण रात्रभर तोच विचार. परीक्षक प्रश्न विचारताहेत आणि माझं तोंड पडद्यावर उघडं राहिलंय, असं स्वप्न पडलं.

मावशी

*

नांदेड,
२४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझी दोन पत्रं एकाच दिवशी हातात पडली. आधी आनंदाचं उघडलं, मग दुसरं. मला जेवण गेलं नाही, खरं सांगतो.

आता संशय ड्रायव्हरवर आहे. ड्रायव्हर म्हणजे लिनक्स आणि वायफायचा तुकडा यांच्यामधला दुभाषा. तो जुना असेल तर एकाचं बोलणं दुसऱ्याला नीट पोचत नाही. नवा दुभाषा बसवायच्या आज्ञा पाठवतो आहे. नेट नीट चालू असेल अशाच वेळी त्या टाक.

आणखी एक. आपण आंधळेपणानं औषध देतोय, आधी ताप मोजू. कागदाच्या मागच्या बाजूला एक छोटी आज्ञा आहे. ती टाकलीस की सिग्नलला सत्तरपैकी किती गुण मिळाले ते दिसतं. रोज एकदा बघ आणि मला कळव. तू गुण द्यायला बसलीस की कुणाचीच सुटका नाही, हे मला चौथीपासून माहीत आहे.

परीक्षेपुरतं काकांच्या मोबाइलचं नेट वापरायचं का, असं विचारणार होतो, पण रेंज गच्चीवरच असं तूच लिहिलंयस. मार्चच्या उन्हात गच्चीवर परीक्षा नको.

मी स्वतः येऊन बघितलं असतं, पण इथे प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होताहेत, मला पाडव्यापर्यंत सुट्टी नाही. काकांना सांग, दोष सिस्टीमचा नाही. का नाही ते मला अजून सांगता येत नाही, पण नाही.

मल्लिनाथ

*

लातूर,
१४ मार्च

चि. मल्लू,

उशीर झाला, पण तूच गुण मोजायला लावलेस, तेव्हा मोजून मगच लिहायला बसले.

दुभाषा बदलला. सुरुवातीला उत्तम. त्यानंतर मार्च लागता लागता एकदम नापास, सत्तरपैकी सतरा. मी म्हटलं संपलं. पण मग रोज थोडं थोडं वर. वीस, सव्वीस, पस्तीस. पोरगं अभ्यासाला लागलंय असं वाटून मी त्याला मनातल्या मनात शाबासकीसुद्धा दिली. या आठवड्याच्या सुरुवातीला अट्ठावन्न. पहिला वर्ग. आणि परवा परत धाडकन एकोणीस. शाळेत असं पोर असतं तर मी पालकांना बोलावलं असतं.

परवा म्हणजे नळ आला त्या दिवशी. आता मला हे तोंडपाठ झालंय. घरात पाणी आलं की नेट जातं, आणि नेट नीट चालायला लागलं की टाकी तळाला गेलेली असते. सवतीच जणू, दोघी एकदम सुखानं नांदत नाहीत. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग तू नेट पी.”

आणि गंमत बघ, पुढचा नळ दहा-बारा दिवसांच्या हिशेबानं माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, फार तर दोन दिवस आधी.

मल्लू, तुझ्यावर माझा राग नाही. तू पोटच्या पोरासारखं केलंस. पण मी दयानंद सरांना विचारून ठेवलंय, परीक्षा दिवाळीला देता येईल का म्हणून. ते हो म्हणाले. घरी येऊन मी जरा रडले. काकांनी बघितलं, आणि त्या रात्री भाकरी त्यांनी थापल्या. एकही गोल नव्हती.

मावशी

*

नांदेड,
१९ मार्च

प्रिय मावशी,

सरांना ताबडतोब नाही म्हणून सांग. परीक्षा पंचवीसलाच.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत, पोरांच्या परीक्षेवर देखरेख करताना वाचलं. सवतींच्या ओळीशी आलो आणि खुर्चीतून उठलोच. पोरांना वाटलं कुणाची तरी कॉपी पकडली.

तुझ्या घराचा तो बोळ डोळ्यांसमोर आणला. दुकानाची भिंत, तिला लागून काकांची सिमेंटची टाकी, बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझ्या डोक्याएवढी उंच. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी काकांनी हौसेनं बांधलेली. तिच्या पलीकडे तुझी खोली. आणि राऊटर कुठे? दुकानात गल्ल्याच्या मागच्या फळीवर, कमरेएवढ्या उंचीला. दिवाळीत त्याच टाकीला टेकून मी चहा प्यायलो होतो. तू लिहिलंस, मधे नुसता बोळ. तुझंही चूक नाही. टाकी तुमच्या घरात इतकी मुरली आहे की तुम्हाला ती दिसतच नाही.

मावशी, वायफायच्या लहरी भिंतीतून जातात, पोत्यातून जातात, पण पाणी त्या पिऊन टाकतं. टाकी भरली की तुझ्या आणि राऊटरच्या मधे पाण्याची अख्खी भिंत उभी राहते. तुम्ही रोज पाणी काढता, भिंत खाली उतरते, आणि लहरी तिच्यावरून तुझ्यापर्यंत पोचायला लागतात. वीस, सव्वीस, पस्तीस. अभ्यास पोरगं करत नव्हतं, टाकी रिकामी होत होती. माझी डुलकीची फाइल आणि माझा दुभाषा दोघांनी फुकटचं श्रेय घेतलं.

इलाज सोपा आहे. राऊटर उचलून दुकानाच्या माळ्यावर, टाकीच्या वर ठेवायचा. वायर पुरणार नाही, तेव्हा नेटवाल्या रविकिरणला बोलावून घ्या. हे परीक्षेच्या आत व्हायलाच हवं.

तुला फोन केला, तू गच्चीवर नव्हतीस. काकांना केला, ते “गिऱ्हाईक हाय” म्हणाले आणि ठेवून दिला. म्हणून हे स्पीड पोस्टानं.

मल्लिनाथ

*

लातूर,
२७ मार्च

चिरंजीव मल्लिनाथ यांस रामलिंग काकाचे आशीर्वाद.

मी काही लिहिणारा माणूस नाही. दुकानाच्या पाटीखेरीज मी वर्षानुवर्षं काही लिहिलेलं नाही. पण तुझी मावशी म्हणते, यावेळचं पत्र तुम्हीच लिहा, करणी तुमची आहे. तेव्हा लिहून राहिलो. चुकलं तर वाचून घे.

तुझं पत्र चोवीस तारखेला दुपारी दुकानात आलं. परीक्षा पुढे ढकला असं तुझ्या मावशीनं सरांना अजून कळवलं नव्हतं, ती आत पाठांतर करत होती, म्हणून मीच फोडलं. वाचून मला हसू आलं. पाण्यानं नेट अडतं म्हणे. पाण्यानं तहान भागते, पीक येतं, एवढं आम्हाला माहीत. पण नळ त्याच सकाळी येऊन गेलेला, टाकी काठोकाठ, आणि आतून तुझी मावशी म्हणत होती, “गेलं, परत गेलं.” तेव्हा हसू थांबलं.

रविकिरणला फोन लावला. तो म्हणाला, “काका, वायर जोडायची मशीन उदगीरला गेलीय, परवा येतो.” परवा म्हणजे परीक्षा होऊन गेल्यावर. मग विरूपाक्षकडे गेलो, म्हटलं उद्या दुपारी गिरणी बंद ठेव, ती दुकानात बसून परीक्षा देईल. तो म्हणाला, “मामा, उद्या बाजार हाय, सगळा गाव दळन घेऊन येनार. गिरनी कशी बंद ठेवू?” त्याचंही खरं होतं.

आता राहिली टाकी.

मल्लिनाथ, तुला ठाऊक आहे, त्या टाकीला मी कुलूप लावतो. किल्ली माझ्या कडदोऱ्याला. गल्लीत लोक मला मागून काय म्हणतात तेही ठाऊक आहे. मी पाहुण्यालासुद्धा पाय धुवायला अर्धी बादली देतो. ती टाकी बांधली तेव्हा गल्लीत भांडी घेऊन माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती. त्या वर्षी ठरवलं, आपल्या घरात ही वेळ पुन्हा येऊ द्यायची नाही.

रात्रभर त्या कुलपाकडे बघत पडलो. पंचवीसला सकाळी उठलो, आंघोळ केली, लिंगपूजा केली, विभूती लावली आणि टाकीचं कुलूप काढलं. गल्लीत उभा राहून म्हटलं, “या, पानी भरून न्या.”

कुणी येईना. शेजारची धम्मप्रिया दारात येऊन म्हणाली, “काका, बरं हाय ना तुमचं? मावशीला बोलवू का?” मी म्हटलं, मावशीला बोलवू नको, घागर घेऊन ये. ती आली. तिनं विचारलं कशाला म्हणून, मी सांगितलं, तुझ्या मावशीची आज परीक्षा हाय, टाकी खाली करायची. तिला काही कळलं नाही, पण तिनं सगळ्या गल्लीला आवाज दिला. मग आली सगळी. घागरी, ड्रम, कॅन, एकानं तर कूलरची टाकी काढून आणली. कालच सगळ्यांची भांडी भरलेली, तरी जागा कुठून काढली कुणास ठाऊक. लातूरच्या माणसाला पाणी नको म्हणता येत नाही. मी स्वतः पाइप लावून विरूपाक्षच्या मागच्या लिंबाला, चिंचेला, मंदिरासमोरच्या बेलाला पाणी दिलं. त्या बेलानं इतकं पाणी उभ्या जन्मात बघितलं नसेल.

तुझी मावशी बाहेर आली, स्टुलावर चढून टाकीत वाकून बघितलं. म्हणाली, “अहो, दहा दिवस काय प्यायचं?” मी तुझं पत्र तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, तू जाऊन गुन बघ. ती आत गेली आणि आतूनच ओरडली, “एकसष्ट.”

मल्लिनाथ, तुझी ती फुकटची सिस्टीम चांगली आहे. हे मी लिहून देतो. भुजंगला सांगायची गरज नाही.

दुपारी दार लावून ती आत बसली. मी दुकान बंद केलं आणि टाकीच्या झाकणावर जाऊन बसलो. रिकाम्या टाकीवर बसलं की आतला आवाज घुमून ऐकू येतो. परीक्षक दोघे होते. पुष्कळ विचारलं त्यांनी, तिनं पुष्कळ सांगितलं, मला त्यातलं फारसं कळलं नाही. मग त्यातली बाई म्हणाली, एखादा पाळणा म्हणून दाखवाल का. जरा वेळ आवाजच नाही. मला वाटलं, गेलं नेट, आता काय करू, आणखी कुठलं पाणी सांडू. तेवढ्यात ती म्हणायला लागली.

“निद्दी माड माझ्या सोन्या, हालू ठेवलं चुलीवर.” झोप रे सोन्या, दूध ठेवलंय चुलीवर. अर्धं कानडी, अर्धं मराठी, जशी माझी आई बोलायची. आमचं लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली, तिचं गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. आम्हाला लेकरू नाही, त्यामुळे पाळणा म्हणायची वेळच आली नाही. मी तिथेच बसून रडलो. कुणी नव्हतं बघायला, म्हणून तुला सांगतो.

एकदाही सुटलं नाही. शेवटी परीक्षकांनी हात जोडले म्हणे तिला. निकाल कागदावर यायला वेळ लागेल, पण दयानंद सरांचा फोन आला, पास झाल्या म्हणाले, उत्तम झाल्या म्हणाले. काल आम्ही दोघं एसटीनं निलंग्याला जाऊन मल्लम्मा आजीला सांगून आलो. आजीनं विचारलं, “नेट नेट म्हंजी काय गं?” तुझी मावशी माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “ह्यांनी टाकी सांडली, ते.”

आज रविकिरण आला, राऊटर माळ्यावर टांगला. आता टाकी भरली तरी फरक पडणार नाही म्हणतो. बघू. सध्या ती कोरडीच आहे, तपासता येत नाही. धम्मप्रिया रोज सकाळी दोन घागरी आणून ठेवते, विरूपाक्ष एक ड्रम देऊन गेला, काल तर बिगरओळखीचा एक माणूस कॅन ठेवून गेला. मी पैसे विचारले तर म्हणाला, “तुमचंच हाय.” कुलूप अजून लावलं नाही. किल्ली तुझ्या मावशीनं कुठेतरी ठेवली, मी विचारली नाही.

पाडव्याला सगळे या. पेढे मी आणून ठेवतो. तुमच्या नांदेडला गोदावरी आहे, तेव्हा येताना पाण्याचे दोन कॅन घेऊन ये.

तुझा काका,
रामलिंग